उसना, विकलेला आणि घरचा : इंग्लिश फुटबॉलमधील खेळाडूंच्या देवघेवीची परिभाषा

व्यवहाराच्या परिभाषेत व्यवहार करणाऱ्यांची स्वतःविषयीची समजूत साठवलेली असते, हे भाषेच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको. सावकारी, शेती, देवस्थानांची इनामे ह्या क्षेत्रांतील शब्दांकडे आपण त्या दृष्टीने पाहतो. खेळाच्या परिभाषेकडे सहसा पाहत नाही. इंग्लंडमधील फुटबॉलचे वृत्तान्त आता मराठी दैनिकांतूनही येतात. ‘अमुक क्लबने आपला खेळाडू साडेपाच कोटी पौंडांना विकला’, ‘तमुक खेळाडू एका हंगामापुरता उसना दिला’ अशी वाक्ये त्यांत असतात आणि वाचक ती विनातक्रार वाचून पुढे जातो. माणूस विकला म्हणजे नेमके काय विकले, आणि उसना दिला म्हणजे कोणी कोणास काय परत करावयाचे, हा प्रश्न त्यास पडत नाही.

प्रस्तुत लेखात तो प्रश्न मुद्दाम उपस्थित करावयाचा आहे. गेल्या काही वर्षांत ह्या देवघेवीस एक चमत्कारिक वळण लागले आहे. मोठे क्लब सात-आठ वर्षांच्या मुलास आपल्या अकादमीत घेतात, दहा-बारा वर्षे त्यास शिकवतात, मग एकामागून एक दोन-तीन क्लबांकडे उसना धाडतात, आणि तो नावारूपास आला की विकून टाकतात. बाहेरून विकत आणलेला, गुणांनी पुष्कळदा त्याच्याच तोडीचा खेळाडू संघात राहतो आणि घरी वाढलेला जातो. प्रेक्षक ह्याचे कारण क्लबच्या कृतघ्नपणात शोधतात. माझ्या मते ते बऱ्याच अंशी शब्दांत आणि खतावणीत शोधले पाहिजे.

प्रथम ‘विक्री’ हा शब्द घेऊ. कायद्याच्या दृष्टीने विकली जाते ती खेळाडूची नोंदणी. १८८५ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने पैसे घेऊन खेळण्यास मान्यता दिली, तेव्हापासून प्रत्येक व्यावसायिक खेळाडूची नोंद एका क्लबच्या नावे होऊ लागली. १८९३ मध्ये फुटबॉल लीगने असा नियम केला की, जुन्या क्लबने सोडचिठ्ठी दिल्याखेरीज दुसऱ्या क्लबकडे नोंद होणार नाही. ‘सोडचिठ्ठी’ हा शब्द येथे जाणूनबुजून योजला आहे. करार संपला, पगार थांबला, तरीही खेळाडूचे नाव जुन्या क्लबच्या वहीत अडकून राहू शकत असे. संसार मोडला, पण काडीमोड नाही, असा तो प्रकार होता. १९०५ मध्ये आल्फ कॉमन ह्या खेळाडूसाठी मिडल्सब्रो क्लबने सन्डरलंडला १,००० पौंड मोजले आणि त्या आकड्याने इंग्लंड थक्क झाले. परंतु त्याच काळात लीगच्या नियमाने कोणाही खेळाडूस आठवड्यास चार पौंडांहून अधिक वेतन देता येत नसे. म्हणजे त्याच्या कागदाची किंमत त्याच्या अडीचशे आठवड्यांच्या कमाल वेतनाएवढी होती. माणूस आणि त्याची नोंद ह्या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे ह्याहून स्पष्ट उदाहरणाने दाखवता येणार नाही.

वेतनाची कमाल मर्यादा १९६१ मध्ये गेली. जॉर्ज ईस्टहॅम ह्या खेळाडूने न्यूकॅसल युनायटेडविरुद्ध गुदरलेल्या दाव्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स ह्यांनी १९६३ मध्ये खेळाडूस अडकवून ठेवण्याची पद्धत व्यवसायस्वातंत्र्याचा अवाजवी संकोच करणारी ठरवली. शेवटी १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने झाँ-मार्क बोस्मन ह्या बेल्जियन खेळाडूच्या प्रकरणात निर्णय दिला, की करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातील दुसऱ्या देशाच्या क्लबकडे जाऊ लागला तर जुन्या क्लबला त्याच्यासाठी पैसे मागता येणार नाहीत. ह्या निर्णयाचा खेळाडूंस झालेला लाभ सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. त्यानंतर नोंदणीची किंमत कराराच्या उरलेल्या मुदतीवर अवलंबून राहू लागली. करारपत्र म्हणजे बर्फाची लादी झाली. जवळ ठेवली तर ती वितळते; तेव्हा मुदतीचे एखादे वर्ष शिल्लक असताना ती विकण्याची घाई सुरू होते. (४ ऑक्टोबर २०२४ रोजी लासाना दियारा प्रकरणात त्याच न्यायालयाने फीफाच्या हस्तांतरणविषयक काही नियमांवर पुन्हा बोट ठेवले. त्याचा विस्तार येथे नको.)

आता ‘उसना’. देवघेवीच्या प्रकारांत मराठी भाषा फार काटेकोर आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर ती उसनी. तितकीच साखर परत करावयाची, व्याजाचा प्रश्न नाही. पैसे व्याजाने घेतले तर ते कर्ज. घर राहावयास घेतले तर भाडे. शेत दुसऱ्यास कसावयास दिले तर खंड येतो. वासरू दुसऱ्याच्या गोठ्यात वाढवावयास दिले आणि पुढे येणाऱ्या किमतीत दोघांचा हिस्सा ठरला, तर ते वाट्याने दिले म्हणतात. इंग्रजी फुटबॉलमधील ‘लोन’ ह्या एका शब्दाच्या पोटात हे बहुतेक प्रकार सुखाने नांदतात. घेणारा क्लब खेळाडूचे वेतन संपूर्ण किंवा अंशतः देतो आणि पुष्कळदा मूळ क्लबला वेगळी रक्कमही देतो. ते भाडे झाले. हंगामाच्या शेवटी ठरलेल्या किमतीस विकत घेण्याची मुभा किंवा सक्ती करारात असते. तो विक्रीचा वायदा झाला. मुलगा दुसऱ्याच्या मैदानावर खेळून तयार व्हावा आणि त्याची किंमत वाढावी एवढाच हेतू असेल, तर तो वाट्याने दिलेल्या वासराचा प्रकार झाला. फरक इतकाच की, येथे वाढलेल्या किमतीत वाढवणाऱ्यास बहुधा हिस्सा नसतो. माणसास वासराची उपमा रुचणार नाही हे खरे, परंतु इंग्रजीतील रूढ शब्दही रोपवाटिका आणि शेत ह्यांच्यापलीकडे फारसे गेलेले नाहीत.

प्रीमियर लीगची नियमावली ‘लोन’ हा शब्द टाळून ‘तात्पुरते हस्तांतरण’ असा शब्दप्रयोग करते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कायद्याची भाषा येथे बोलभाषेहून प्रामाणिक आहे. (आपल्या शास्त्रात ज्यास आपण उसना शब्द म्हणतो, तो तर कधीच परत जात नाही. ‘टेबल’ आणि ‘बटाटा’ आपण कोणास परत केलेले नाहीत. तेव्हा ह्या बाबतीत फुटबॉलवाल्यांस हसण्याचा अधिकार भाषाशास्त्रज्ञांस नाही.)

उसन्या खेळाडूवर मूळ क्लबचा ताबा किती असतो, हे कॉनर गॅलहर ह्याच्या उदाहरणावरून दिसते. हा मुलगा बालपणापासून चेल्सी क्लबच्या अकादमीत वाढला. २०१९-२० च्या हंगामात तो प्रथम चार्ल्टनकडे आणि मग स्वॉन्झीकडे उसना गेला. पुढच्या हंगामात वेस्ट ब्रॉमविचकडे. २०२१-२२ मध्ये क्रिस्टल पॅलेसकडे. पॅलेसमध्ये त्याने लीगच्या सामन्यांत आठ गोल केले, इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात स्थान मिळवले आणि क्लबचा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एप्रिल २०२२ मध्ये एफ.ए. चषकाच्या उपान्त्य सामन्यात पॅलेसची गाठ चेल्सीशीच पडली. त्यास खेळवण्याची परवानगी पॅलेसने मागितली. चेल्सीने ती नाकारली. पॅलेस २-० असा हरला. वाटीभर साखर उसनी आणणाऱ्या गृहिणीस ‘आमच्याकडच्या पाहुण्यांसाठी ती वापरू नका’ असे कोणी सांगत नाही. भाड्याच्या घराला मात्र अशा अटी असतात.

चेल्सीचे उदाहरण पुढेही येणार आहे, कारण ही पद्धत त्या क्लबने जितकी पद्धतशीरपणे राबवली तितकी क्वचितच कोणी राबवली असेल. २०१८-१९ च्या हंगामात त्याचे चाळीसच्या आसपास खेळाडू निरनिराळ्या देशांत उसने होते. हॉलंडमधील व्हिटेस आर्नेम ह्या एकाच क्लबकडे २०१० नंतरच्या काळात दोन डझनांहून अधिक खेळाडू गेले. लुकास पियाझोन हा ब्राझिलियन मुलगा २०११-१२ च्या हंगामात चेल्सीकडे आला आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमचा गेला. त्या नऊ वर्षांत तो स्पेन, हॉलंड, जर्मनी, इंग्लंड, इटली आणि पोर्तुगाल ह्या देशांतील सात क्लबांकडून खेळला. चेल्सीच्या मुख्य संघाकडून मात्र तीन सामने. मातेय देलाच ह्या क्रोएशियन गोलरक्षकाची आठ वर्षे अशीच गेली आणि त्यास एकही सामना मिळाला नाही. हे दोघे अकादमीत बालपणापासून वाढलेले नव्हते, कोवळ्या वयात विकत आणलेले होते, हे मान्य. तथापि फिरते जीवन दोघांच्याही वाट्यास अकादमीतल्या मुलांसारखेच आले. आपल्याकडील जुन्या ग्रामव्यवस्थेत मिराशी आणि उपरी असा भेद असे. उपरी कूळ जमीन कसते, पण गावात त्याचे मूळ रुजलेले धरत नाहीत. ही मुले जेथे गेली तेथे उपरीच राहिली, आणि जेथे त्यांची नोंद होती तेथेही त्यांस मिरास मिळाली नाही.

ह्या पद्धतीत उसने दिलेले परत घेण्याचा प्रसंग एकदा आला, आणि तो कसा आला हे मोठे उद्बोधक आहे. अल्पवयीन परदेशी खेळाडूंच्या नोंदणीत नियमभंग झाल्यावरून फीफाने फेब्रुवारी २०१९ मध्ये चेल्सीवर नव्या खेळाडूंची नोंदणी करण्यास बंदी घातली. बाहेरून कोणास विकत आणता येईना. तेव्हा २०१९-२० च्या हंगामात मेसन माउंट आणि फिकायो तोमोरी डर्बीहून, टॅमी अब्राहम अ‍ॅस्टन व्हिलाहून आणि रीस जेम्स विगनहून परत येऊन मुख्य संघात दाखल झाले. ह्यांपैकी माउंट आणि जेम्स मे २०२१ मध्ये युरोपचा चॅम्पियन्स लीग चषक जिंकणाऱ्या संघात होते. अंतिम सामन्यातील एकमेव गोलासाठी चेंडू पुरवला तो माउंटनेच. म्हणजे मुले पुरेशी गुणी होती. त्यांचे गुण बाजार बंद होता तेव्हा दिसले. बाजार उघडल्यावर तोमोरी आणि अब्राहम २०२१ मध्ये इटलीत गेले, माउंट जुलै २०२३ मध्ये सुमारे साडेपाच कोटी पौंडांस मँचेस्टर युनायटेडकडे गेला. गॅलहर २०२३-२४ च्या हंगामात बहुतेक सामन्यांत संघाचा नायक होता. ऑगस्ट २०२४ मध्ये तो माद्रिदच्या अ‍ॅटलेटिको क्लबला विकला गेला. माउंट आणि गॅलहर ह्या दोघांच्याही कराराचे विकतेवेळी एकच वर्ष उरले होते. बर्फाची लादी ती हीच.

परंतु केवळ मुदतीने ह्या विक्रीचा उलगडा होत नाही. करार वाढवताही येतो. आता खतावणीकडे वळावयास हवे, कारण विषयाचा गाभा तेथे आहे. क्लबने बाहेरून खेळाडू आणला तर त्याच्या नोंदणीसाठी दिलेली रक्कम ताळेबंदात अमूर्त मत्ता म्हणून लिहिली जाते आणि कराराच्या वर्षांत समान वाटून दरवर्षी खर्ची टाकली जाते. यंत्रावर घसारा धरावा तसे. समजा, सहा कोटी पौंडांस आणलेल्या खेळाडूचा करार पाच वर्षांचा आहे. दरवर्षी एक कोटी वीस लक्ष खर्ची पडतात. तीन वर्षांनी वहीत दोन कोटी चाळीस लक्ष शिल्लक राहतात. त्या वेळी त्यास चार कोटींस विकले तर नफा एक कोटी साठ लक्ष. आता अकादमीत वाढलेला मुलगा पाहा. त्याची नोंदणी कोणाकडून विकत घेतलेली नसल्यामुळे हिशेबशास्त्राच्या नियमाने तो ताळेबंदात येतच नाही. शिक्षकांचे पगार, मुलांचे जेवण, मैदानाची निगा हे सर्व त्या त्या वर्षी खर्ची पडून विसरले गेलेले असते. वहीत त्याची किंमत शून्य. त्यास चार कोटींस विकले तर नफा पुरा चार कोटी.

ह्याच्या पुढची पायरी अशी. घरचा मुलगा चार कोटींस विकला आणि त्याच चार कोटींत पाच वर्षांच्या कराराने परका खेळाडू आणला, तर पेटीतील रोकड जागच्या जागी राहते. वहीत मात्र ह्या वर्षी चार कोटी जमा आणि ऐंशी लक्षच खर्च दिसतो. तीन कोटी वीस लक्षांनी वर्ष सुधारते. दोन क्लबांनी आपापले मुलगे एकमेकांस सारख्याच किमतीस विकले तर दोघांचीही वर्षे सुधारतात. खर्चाचा उरलेला भाग पुढील चार वर्षांच्या डोक्यावर बसतो, आणि तो भागवण्यासाठी आणखी एखादा घरचा मुलगा शोधावा लागतो.

इंग्रजी वर्तमानपत्रे ह्या उत्पन्नास ‘प्युअर प्रॉफिट’ म्हणतात. ह्याचे मराठीत ‘निव्वळ नफा’ असे भाषांतर करण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. निव्वळ नफा ही संज्ञा आपल्या हिशेबात सर्व खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेसाठी रूढ आहे, आणि येथे नेमका खर्चच दृष्टीआड झालेला आहे. ‘निखळ नफा’ म्हणावे हे बरे. अर्थात तोही शब्द खरा नाही. दहा-बारा वर्षांचा शिकवण्याचा खर्च नफ्यात मिसळलेला असताना त्यास निखळ कसे म्हणावे? पण निदान तो हिशेबाच्या संज्ञेशी गोंधळ करीत नाही.

ही रीत हिशेबनीसांची आहे. तिला धार आली ती लीगच्या नियमाने. क्लबांनी ऐपतीबाहेर खर्च करून दिवाळे काढू नये म्हणून प्रीमियर लीगने तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १० कोटी ५० लक्ष पौंड तोट्याची मर्यादा घातली. अकादमीवरील खर्च ह्या मोजणीतून वगळला, म्हणजे मुले घडवण्यास उत्तेजन मिळावे. हेतू उत्तम होता. परंतु घडवण्याचा खर्च मोजावयाचा नाही आणि विकण्याचा नफा मात्र मोजावयाचा, ह्या दोन कलमांच्या संयोगातून जे उत्तेजन मिळाले ते मुले घडवून विकण्यास मिळाले. क्लबशी ज्याचा लळा सर्वांत जुना, तोच खेळाडू हिशेबाच्या दृष्टीने विकण्यास सर्वांत सोयीचा ठरला. असा उलटा परिणाम साधणारा नियम समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी अवश्य पाहावा.

नॉटिंगहॅम फॉरेस्टचे प्रकरण ह्याचे उत्कृष्ट उदाहरण होय. ब्रेनन जॉन्सन हा नॉटिंगहॅमचाच मुलगा. त्याचा बाप डेव्हिड जॉन्सनही त्याच क्लबकडून खेळलेला. आठव्या वर्षी तो अकादमीत आला, २०२०-२१ मध्ये लिंकन सिटीकडे उसना जाऊन तयार झाला, आणि २०२२ मध्ये क्लब वरच्या श्रेणीत परतला त्यात त्याच्या गोलांचा मोठा वाटा होता. ३० जून २०२३ रोजी क्लबचे हिशेबी वर्ष संपत होते. आपल्याकडील व्यापारी दिवाळीस वही बदलतो. ह्या क्लबांची दिवाळी त्या दिवशी असते. मर्यादा पाळण्यासाठी जॉन्सनला त्याआधी विकणे आवश्यक होते. क्लबने थांबून १ सप्टेंबर रोजी त्यास टॉटनमकडे सुमारे ४ कोटी ७५ लक्ष पौंडांस धाडले. खालच्या श्रेणीतील वर्षांमुळे फॉरेस्टची मर्यादा ६ कोटी १० लक्ष होती; तोटा तिच्यापुढे ३ कोटी ४५ लक्षांनी गेला. उशीर केल्याने किंमत अधिक आली, घाईने स्वस्तात विकणे हा शहाणपणा झाला नसता, असे क्लबचे म्हणणे पडले. चौकशी समितीने ते ग्राह्य धरले नाही आणि मार्च २०२४ मध्ये क्लबचे चार गुण कापले. म्हणजे शिक्षा झाली ती गावचा मुलगा विकल्याबद्दल नव्हे, तो दोन महिने उशिरा विकल्याबद्दल.

हा धडा इतरांनी घेतला असावा. जून २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात बऱ्याच क्लबांत तरुण खेळाडूंची देवघेव झाली. न्यूकॅसलने आपल्याच परिसरात जन्मलेला आणि आठव्या वर्षापासून अकादमीत वाढलेला इलियट अँडरसन ह्यास आर्थिक नियमांच्या दडपणाखाली फॉरेस्टला सुमारे साडेतीन कोटी पौंडांस विकले, आणि त्याच सुमारास फॉरेस्टचा एक गोलरक्षक न्यूकॅसलकडे गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये अँडरसन इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळला. ह्या आठवड्यातील किमती फुगवलेल्या होत्या असे म्हणावयास पुरावा पाहिजे. फुगवण्याचा मोह मात्र नियमानेच निर्माण केला होता, हे पुराव्याविना दिसते.

मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांचा इतिहासही ह्याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अशा मुलास मैदानावरचा पोऱ्या म्हणत. तो गवत कापी, वडील खेळाडूंचे बूट पुशी आणि फावल्या वेळात खेळ शिके. १९६० च्या सुमारास तो रीतसर ‘उमेदवार’ झाला. हा कारागिरांच्या व्यवहारातील शब्द. १९९७ मध्ये हॉवर्ड विल्किन्सन ह्यांनी केलेल्या शिफारशींनंतर क्लबांनी ‘अकादमी’ स्थापल्या आणि आता सोळा वर्षांच्या मुलास तेथे ‘स्कॉलर’, म्हणजे विद्यार्थी, म्हणतात. पोऱ्या, उमेदवार, विद्यार्थी अशी ही चढती भाजणी आहे. तिच्याबरोबर मुलांची स्थिती सुधारली ह्यात शंका नाही. शिक्षण, आहार, वैद्यकीय देखरेख ह्या गोष्टी खऱ्या आहेत. परंतु ज्या काळात त्याचे नाव विद्यापीठीय होत गेले, त्याच काळात तो हिशेबात विक्रीची वस्तू होत गेला. विद्यापीठातील आम्हां मंडळींस ह्या शब्दाच्या उसनवारीने थोडे अस्वस्थ वाटले तर नवल नाही. आम्हीही विद्यार्थी घडवतो, पण त्यास दुसऱ्या विद्यापीठाकडे धाडताना पावती फाडत नाही.

‘होमग्रोन’ हा शब्दही असाच फसवा. त्याचा सरळ अर्थ घरी पिकलेला. परंतु प्रीमियर लीगच्या व्याख्येनुसार एकवीस वर्षे पुरी होण्याआधी इंग्लंड-वेल्समधील कोणत्याही क्लबकडे तीन हंगाम नोंद असली की तो ‘घरचा’. सोळाव्या वर्षी बार्सिलोनाहून आर्सेनलला आलेला सेस्क फाब्रेगास ह्या व्याख्येत बसला. येथे घर म्हणजे गाव नव्हे, क्लबही नव्हे. घर म्हणजे नोंदवही.

लहान क्लबांस ह्या व्यवस्थेत काय मिळते, हे थोडक्यात सांगतो. २०१२ मध्ये सुरू झालेल्या योजनेने अकादम्यांच्या चार श्रेणी केल्या आणि एका क्लबकडून दुसरा क्लब मुलगा नेऊ लागला तर द्यावयाची भरपाई दरपत्रकाने ठरवून टाकली. मूळ दरपत्रकात नऊ ते अकरा वर्षांच्या मुलामागे दर वर्षासाठी ३,००० पौंड होते. गुणी मुले व्यावसायिक करार करण्याच्या वयापूर्वीच मोठे क्लब अल्प भरपाईत नेतात, ही तक्रार करीत ब्रेंटफर्डने २०१६ मध्ये आपली अकादमी बंदच करून टाकली. ती २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. फीफाच्या नियमात आंतरराष्ट्रीय विक्रीच्या रकमेतून पाच टक्के हिस्सा खेळाडूस बारा ते तेवीस वर्षांच्या काळात शिकवणाऱ्या क्लबांस वाटण्याची तरतूद आहे. आठव्या वर्षी ज्याने त्यास चेंडू अडवावयास शिकवले, त्याची वर्षे ह्या गणितात धरलेली नाहीत.

इतके सांगून झाल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. विकला गेलेला मुलगा नेहमीच नुकसानीत जातो असे नाही. मार्क गेही चेल्सीच्या अकादमीत वाढला, स्वॉन्झीकडे उसना गेला, २०२१ मध्ये क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. तेथे तो नायक झाला आणि १७ मे २०२५ रोजी त्या क्लबने आपल्या इतिहासातील पहिला एफ.ए. चषक जिंकला तो त्याच्या नायकत्वाखाली. चेल्सीत राहता तर कदाचित बाकावर बसता. वेतन, अनुभव, स्वतःचे नाव ही विक्रीनेच त्यास दिली. शिवाय लिस्बनच्या बेन्फिकासारखे क्लब विक्रीवरच चालतात आणि ते लपवीत नाहीत. २०१९ मध्ये झुआओ फेलिक्स ह्यास त्यांनी १२ कोटी ६० लक्ष युरोंस विकले तेव्हा तेथे कोणी वंचनेची भाषा केली नाही. पोर्तुगालमधील प्रेक्षकवर्ग आणि दूरचित्रवाणीचे उत्पन्न इंग्लंडच्या मानाने तोकडे. तेथे मुले घडवून विकणे हा उघड उदीम आहे. माझा आक्षेप विक्रीवर नाही. ज्या क्लबला विकण्याची गरज नाही, तोही हिशेबाच्या सोयीसाठी विकतो आणि त्या सोयीस विकास, संधी, शिक्षण अशी नावे देतो, तेथे शब्दांची झाडाझडती घेणे आपले काम ठरते.

हे नियम करणाऱ्यांस अगदीच उमगले नाही असे नव्हे. फीफाने १ जुलै २०२२ पासून उसन्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घातली. प्रथम बाहेर देण्यास आठ आणि आत घेण्यास आठ, पुढच्या वर्षी सात आणि जुलै २०२४ पासून सहा. पण एकवीस वर्षांपर्यंतचे खेळाडू आणि क्लबने स्वतः घडवलेले खेळाडू ह्या मोजणीतून वगळले आहेत. विकत आणून साठवलेल्या पियाझोनसारख्यांच्या भटकंतीस ह्या नियमाने काही आळा बसतो. अकादमीतील मुलास तो शिवतच नाही. करार आठ-आठ वर्षांचे करून खर्च पातळ करण्याच्या युक्तीवर प्रीमियर लीगने डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांची मर्यादा घातली, तीही विकत घेणाऱ्या बाजूसच लागू पडते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये लीगच्या क्लबांनी जुना तोट्याचा नियम २०२६-२७ च्या हंगामापासून बदलण्याचे बहुमताने ठरवले. नव्या नियमात संघावरील खर्च क्लबच्या फुटबॉलपासूनच्या उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपर्यंत ठेवावयाचा आहे. हे उत्पन्न मोजताना खेळाडूंच्या विक्रीतील नफा-तोटाही त्यात धरला जातो. तो नफा काढण्याची रीत पूर्वीचीच, म्हणजे आलेल्या किमतीतून वहीतील शिल्लक वजा करण्याची आहे. आणि घरी वाढलेल्या खेळाडूच्या नावापुढे ती शिल्लक शून्यच लिहिली जाते.